अर्ध्या कुंडीची शेवंती

मागच्या हिवाळ्यात, डिसेंबरात, आमच्या गॅलरीतली शेवंती अर्धीच फुलली. अर्धी म्हणजे अक्षरशः अर्धी. कुंडीच्या मधोमध सुतळी धरावी आणि अलीकडे हळद उधळावी, पलीकडे नुसता पाला राहू द्यावा, असे ते दृश्य होते. अलीकडच्या बाजूला मी 27 फुले मोजली. पलीकडच्या फांद्या हातभर उंच, हिरव्यागार, टवटवीत होत्या, पण कळीचे नाव नव्हते. कुंडी एक, माती एक, पाणी एकाच झारीतले आणि रोपही एकाच मुनव्यापासून, म्हणजे बुडातल्या एकाच फुटव्यापासून, वाढलेले, त्यामुळे खताला किंवा जातीला दोष देण्याची सोय उरली नव्हती.

आम्ही नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. ही शेवंती आईची आहे. महाल भागातले जुने घर सोडताना तिने भांडी वाटून टाकली, पण या पिवळ्या रेवडी जातीच्या शेवंतीचे चार मुनवे ओल्या फडक्यात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवून आणले. महालात ती अंगणात, नहाणीच्या सांडपाण्यावर वाढायची आणि दिवाळीनंतर काही न करता फुलायची. इकडे आल्यावर पहिली काही वर्षे ती नियमाने फुलली. मग आमचा रस्ता सिमेंटचा झाला, त्यात दिव्याचा खांब कोपऱ्यावरून सरकून नेमका आमच्या गॅलरीसमोर आला, आणि त्यानंतरचे दोन हिवाळे शेवंतीने एक फूल दिले नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे माझ्या डोक्यात त्या दोन वर्षांत एकदाही आले नाही. उलट रात्री गॅलरीत पेपर वाचता येईल इतका उजेड पडतो याचे मला कौतुकच होते.

त्या दोन वर्षांत मी सगळे उपाय करून पाहिले. आधी खत वाढवले, त्याने पाने वाढली. मग माझ्यातले काटोलचे रक्त जागे झाले. वडिलांकडच्या मंडळींच्या तिकडे संत्र्याच्या बागा आहेत, आणि संत्र्याला बहार आणायचा तर पाणी तोडायचे, झाडाला ताण द्यायचा, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडतात आणि जानेवारीच्या सुमारास ताण सोडतात. मृग बहारासाठी उन्हाळ्यात तहानलेले झाड पावसाळा लागला की फुलते. झाडाला फुलवायचे तर त्याला थोडे छळावे लागते, असा माझा त्यातून झालेला समज होता. मी शेवंतीचे पाणी ऑक्टोबरात, म्हणजे नागपूरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, आठ दिवस तोडले. खालची पाने वाळून काळी पडली, आईने दोन दिवस माझ्याशी धड बोलणे टाकले, आणि कळी तर आलीच नाही. संत्रा गारव्याचा आणि तहानेचा हिशेब ठेवतो. शेवंतीची वही निराळी आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

उलगडा झाला तो कूलरमुळे. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत आमचा कूलर गॅलरीतून निघून माळ्यावर जातो. त्या वर्षी तो उचलणारा माणूस आज येतो, उद्या येतो म्हणत आलाच नाही आणि कूलर हिवाळाभर खिडकीसमोरच्या स्टँडवर बसून राहिला. रात्री गॅलरीत उभे राहून पाहिले तेव्हा कळले, की दिव्याचा झोत कूलरच्या पत्र्यावर अडतो आणि त्याची तिरपी सावली कुंडीच्या बरोबर अर्ध्या भागावर पडते. फुले सावलीतल्या अर्ध्या भागावर होती.

आमच्या सोसायटीच्या आवारातल्या झाडांना बघायला एक माळीदादा महिन्यातून दोनदा येतात. त्यांना वर बोलावून ही गंमत दाखवली तर त्यांना तिच्यात गंमत वाटलीच नाही. ते म्हणाले, "मॅडम, झाड झोपूनच नाही राहिलं ना ह्या बाजूचं. रात्रभर डोळ्यावर दिवा. फुलं कुठून येतीन?" फुटाळ्याकडच्या ज्या रोपवाटिकेत ते पूर्वी कामाला होते, तिथे चौकीदाराच्या खोलीजवळच्या वाफ्यातली शेवंती नेहमी उशिरा फुलायची आणि तिथले लोक चौकीदाराच्या बल्बला शिव्या द्यायचे, एवढेच त्यांचे शास्त्र होते, आणि ते बरोबर होते.

झोप हा शब्द मला आवडला, तरी झाड झोपत नाही. ते मोजते. आणि काय मोजते, हे माणसाला कळायला बराच काळ लागला. फ्रान्समध्ये ज्युलियन टुर्न्वा नावाचा एक तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ 1912 च्या सुमारास दोन झाडांवर काम करत होता. एक बिअरमध्ये वापरतात ती हॉप्सची वेल आणि दुसरे भांगेचे झाड. त्यांना दिवसातून थोडेच तास उजेड मिळाला तर ती अगदी कोवळ्या वयात फुलतात, हे त्याने नोंदवले, आणि दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांबणे हे त्याचे कारण असावे, असा तर्कही 1914 मध्ये मांडला. त्याच सुमारास महायुद्ध पेटले आणि तो त्यात मारला गेला. महाशिवरात्रीला जिची आठवण निघते त्या भांगेने आणि देव्हाऱ्यातल्या शेवंतीने उजेडाच्या बाबतीत एकच नियम पाळावा, हे मला फार मजेशीर वाटते. आईला मात्र ही तुलना मुळीच आवडली नाही. शेवंतीवर जे प्रयोग मी बिनधास्त केले ते भांगेवर करण्याची सोय नाही, कारण आपल्याकडे 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याने परवान्याशिवाय ते झाड लावणेच गुन्हा आहे. गंमत अशी, की त्या कायद्यातली गांज्याची व्याख्यासुद्धा फुलोऱ्यावर बेतलेली आहे. फुले-फळे धरलेले शेंडे म्हणजे गांजा, शेंड्यांपासून सुटी असलेली पाने आणि बी त्यात येत नाही. दिवस आखूड झाले की झाडात काय बदलते, याची दखल वनस्पतिशास्त्राइतकीच कायद्यालाही घ्यावी लागली, असे म्हणायला हरकत नाही.

टुर्न्वाचे काम मागे पडले आणि श्रेय गेले ते अमेरिकी कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड या दोघांकडे. त्यांच्यापुढचा प्रश्न माझ्या प्रश्नासारखाच घरगुती होता. मेरीलँड मॅमथ नावाची तंबाखूची एक जात शेतात माणसापेक्षा उंच वाढायची पण फुलायची नाही. तीच हिवाळ्यात काचघरात ठेवली की लहानपणीच फुलायची. खत, ऊब, ओल असे सगळे तपासून झाल्यावर त्यांनी 1918 च्या उन्हाळ्यात एक बिनखिडकीची काळोखी खोली उभी केली आणि दुपार कलली की कुंड्या आत, सकाळी बाहेर, असा क्रम धरला. आत नेलेली झाडे फुलली, बाहेरची वाढत राहिली. 1920 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वराच्या झाडावर काम केले. हे शंकेश्वर म्हणजे आपल्याकडे पडीक जागेत वाढणारे आणि काटेरी फळांनी धोतराला चिकटणारे तेच. त्याची लांब रात्र मधेच क्षणभर दिवा लावून तोडली, तर फुले येत नाहीत. दिवस मधेच अंधाराने तोडला, तर झाडाला त्याचे काहीच नाही. म्हणजे ज्यांना आपण आखूड दिवसाची झाडे म्हणतो ती खरे तर लांब, अखंड रात्रीची झाडे आहेत. सगळा भर अखंड या शब्दावर आहे.

ही मोजणी पानांत होते. पानात फायटोक्रोम नावाचे एक रंगद्रव्य असते. तांबड्या उजेडाने ते एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते आणि अंधारात हळूहळू मूळ रूपात परतते. पांढऱ्या दिसणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्यातही तांबड्याचा अंश असतोच. मोजणी पानांतच होते, हे दाखवणाऱ्या जुन्या प्रयोगांत शेवंतीच होती, हे वाचून मला आपल्या घरचे माणूस पेपरात आल्यासारखे वाटले. रशियात चैलाख्यान यांनी 1930 च्या दशकात शेवंतीच्या शेंड्याकडची पाने काढून टाकली, खालच्या पानांना आखूड दिवस दिले आणि उघड्या शेंड्याला लांब दिवस दिले. शेंडा फुलला. म्हणजे पानांनी काहीतरी वर पाठवले. त्या अज्ञात निरोपाला त्यांनी फ्लोरिजेन असे नाव दिले, आणि तो निरोप म्हणजे एक प्रथिन आहे हे पक्के व्हायला 2007 साल उजाडले. त्याहून माझ्या कुंडीच्या कामाची गोष्ट जपानी संशोधकांना 2013 मध्ये रानशेवंतीत सापडली. रात्रीत ठरावीक वेळी पानावर उजेड पडला, तर ते पान फुलण्याचा निरोप पाठवत नाही, एवढेच नाही, तर फुलू नकोस असा उलटा निरोप देणारे दुसरे प्रथिन तयार करते. दिव्याकडच्या फांद्या फुलायचे विसरल्या नव्हत्या. त्यांना रोज रात्री मनाई होत होती.

दिवा इतका प्रखर तरी होता का? मी मोबाइलवर मोजला तर कुंडीपाशी 30 ते 35 लक्स भरला. आपल्या दुपारच्या उन्हाचा आकडा लाखाच्या घरात जातो, तेव्हा हा उजेड म्हणजे समुद्राजवळ ठेवलेली वाटी. पण उजेडाची झाडाशी दोन नाती आहेत आणि ती वेगळी ठेवली नाहीत तर सगळा घोळ होतो. एक पोट भरण्याचे, ज्याला भरपूर ऊन लागते. दुसरे खुणेचे, ज्याला मिणमिणता उजेडही पुरतो. पॉलिहाऊसवाले शेवंती थोपवून धरायची असेल तेव्हा मध्यरात्री काही तास साधारण 100 लक्सचा उजेड देतात आणि फुलवायची असेल तेव्हा काळे कापड ओढतात. आमचा खांब रात्रभर जळतो, त्यामुळे त्याला कमी उजेडातही तेच काम साधते. त्यातून नागपूर पडले एकवीस अंशांवर. इथे सर्वांत मोठा दिवस साधारण 13 तास 25 मिनिटांचा आणि सर्वांत लहान 10 तास 50 मिनिटांच्या आसपास, म्हणजे वर्षभराचा फरक जेमतेम अडीच तासांचा. युरोपात हा फरक कितीतरी मोठा असतो, तिथे झाडाला चुकायला वाव असतो. आपल्याकडे शेवंतीला पावसाळ्याच्या शेवटी रोज मिनिट-दीड मिनिटाने वाढणारी रात्र टिपायची असते. इतक्या बारीक हिशेबात एक दिवा म्हणजे मोठी खोट आहे.

कुंडी घरात का आणली नाही, असे पुष्कळांनी विचारले. घरात आमचा टीव्ही अकरापर्यंत चालतो आणि आई पहाटे चारला उठून दिवा लावते. गच्चीला कुलूप आहे आणि किल्ली सेक्रेटरींकडे असते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

म्हणून यंदा मी खोका केला. शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजचा पुठ्ठ्याचा खोका मिळाला, त्याला आतून इतवारीतून आणलेले काळे अस्तर लावले आणि वर हवा जायला कोनात दुमडलेली फट ठेवली. 1 सप्टेंबरपासून संध्याकाळी सहाला खोका कुंडीवर आणि सकाळी सातला बाजूला, असे सुरू केले. सप्टेंबरात सहा वाजता खोक्याच्या आत हात घातला तर भट्टीतून पोळी काढावी तसे वाटे. शेवंतीला फार उकाड्यात कळी धरायला उशीर होतो, म्हणून पहिला पंधरवडा खोका घालण्याआधी मी फरशीवर पाणी शिंपडत असे. एका लग्नासाठी अमरावतीला गेले तेव्हा दोन रात्री खोका चुकला आणि मला उगाच अपराधी वाटले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आईला विचारले म्हणे, की तुमच्याकडे गॅलरीत कोंबड्या पाळल्या आहेत का.

आता कात्रीकडे येते, कारण यंदाची माझी चूक तिथली आहे.

शेवंतीचा शेंडा खुडावा हे आईला माहीत होते, मला माहीत होते, सगळ्यांनाच असते. शेंड्याचा वाढता कोंब आपल्या खालच्या डोळ्यांना, म्हणजे पानांच्या बगलेतल्या अंकुरांना, दाबून ठेवतो. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरते आणि बगलेतले डोळे गप्प राहतात. 1930 च्या दशकात थिमान आणि स्कूग यांनी घेवड्याच्या जातीच्या रोपाचा शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन मिसळलेल्या जेलीचा तुकडा ठेवला, तर डोळे शेंडा असल्यासारखेच गप्प राहिले. अलीकडे या दडपशाहीत शेंड्याकडे ओढल्या जाणाऱ्या साखरेचाही हात असल्याचे दिसून आले आहे. काही असो, शेंडा गेला की खालच्या तीन-चार पेरांतून फुटवे येतात, एका काठीच्या चार काठ्या होतात. मी जुलैच्या मध्यात एकदा आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा शेंडे खुडले. कात्री लागतच नाही. कोवळा शेंडा अंगठ्याच्या नखाने वाकवला की टचकन तुटतो आणि बोटांना शेवंतीचा तो कडवट, औषधी वास दिवसभर राहतो. एवढ्यावर थांबायला हवे होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मला झाड उंच वाटले. एका बाजूच्या फांद्या दुसऱ्या बाजूपेक्षा चार बोटे वर गेल्या होत्या, आणि अर्ध्या कुंडीची सल मनात असल्यामुळे मला ते असमान दिसणे सहन होईना. मी चहा पिता पिता चौदा शेंडे खुडले. माळीदादा नेमके तेव्हाच आले. "काऊन कापून राहिल्या, मॅडम? आता तर ते फुलावर आलं." मी म्हटले, अजून कळी कुठे दिसते? त्यांनी ताटलीतला एक शेंडा उचलला, नखाने वरची कोवळी पाने एकेक करून सोलली आणि उरलेला भाग माझ्यासमोर धरला. आईचे पोथी वाचायचे भिंग आणून पाहिले. मोहरीहून लहान, वरून चपटे झालेले हिरवे बटण, कडेने खवल्यांची सुरुवात. पाने काढणारा शेंडा टोकदार असतो, फुलावर आलेला चपटा होतो. बाहेरून काहीच दिसत नव्हते, पण आत निर्णय होऊन गेला होता, आणि असे चौदा निर्णय माझ्या चहाच्या ताटलीत पडले होते.

मला वाटले, तेवढी बाजू यंदाही रिकामी जाणार. तसे झाले नाही, आणि जे झाले त्याने मला कात्रीची नेमकी जागा कळली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात न खुडलेल्या फांद्या फुलल्या, भरगच्च, आणि दोन्ही बाजूंनी. कळ्यांना रंग दिसू लागला तेव्हा मी खोका बंद केला, कारण तोवर काम झालेले असते. खुडलेल्या चौदा फांद्यांच्या बगलांतून आखूड फुटवे आले, आणि रात्री लांबच असल्यामुळे त्या फुटव्यांनी वाढण्यात वेळ न घालवता दोन-तीन पानांवरच कळ्या धरल्या. ती फुले रुपयाएवढी, बुटकी, दाटीवाटीची, आणि ती उमलली डिसेंबर संपता संपता. शेंडा खुडला म्हणून फूल आले नाही, आणि खुडला म्हणून गेलेही नाही. फुलायचे की नाही हे अंधाराने ठरवले होते. माझ्या नखाने फक्त किती ठिकाणी, केवढे आणि केव्हा एवढेच बदलले. आधीच्या वर्षांत दिव्याकडच्या फांद्या मी कितीही नीट छाटल्या असत्या, तरी एका फुलविरहित काठीच्या चार फुलविरहित काठ्या झाल्या असत्या. आणि नुसता अंधार देऊन जुलैची खुडणी केली नसती, तर तीन लांब दांड्यांवर तीन फुले आली असती.

छाटणीच्या नावाखाली आणखी एक गोष्ट सर्रास चालते, तिच्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. कळीला ऊन लागावे म्हणून भोवतीची निरोगी पाने ओरबाडून काढतात. काटोलला संत्र्याची सल काढतात त्या वाळलेल्या फांद्या असतात, पाणसोट काढतात ते फुकट खाणारे फुटवे असतात. तिथे कात्रीला कारण असते. शेवंतीचे हिरवे पान हे रात्र मोजणारे घड्याळ आहे आणि निरोप तिथूनच निघतो. पिवळी पडलेली, मातीला टेकलेली पाने काढावीत, बाकीच्यांना हात लावू नये. एकेका फांदीवर एकच मोठे फूल हवे असेल तर बगलेतल्या कळ्या वाटाण्याएवढ्या व्हायच्या आत काढतात. प्रदर्शनात वाटीएवढी फुले दिसतात ती तशी. आईला ते पटत नाही. देवाला एक मोठे फूल वाहून बाकीच्या देवांनी काय पाहायचे, असा तिचा प्रश्न आहे.

हे लिहिते आहे तेव्हा जानेवारीचा दुसरा आठवडा आहे. नोव्हेंबरची फुले तपकिरी होऊन गेली. नियमाप्रमाणे आता झाड मातीपासून चार बोटांवर कापायला हवे, म्हणजे बुडातून मुनवे जोर धरतील आणि पावसाळ्याच्या तोंडाला नवी रोपे करता येतील. माळीदादा येऊन दोनदा सांगून गेले. पण ती चौदा फांद्यांवरची चुकार, बुटकी फुले अजून टवटवीत आहेत, आई रोज सकाळी त्यातली पाच खुडून देव्हाऱ्यात नेते, आणि कात्री शिवणाच्या डब्यात नाही, स्वयंपाकघराच्या खणात नाही, मागच्या रविवारपासून कुठेच नाही.